आईची निवडणूक आणि माझी साक्ष

आमच्या घरात एका अमेरिकन वकिलाचा उल्लेख नात्यातल्या माणसासारखा व्हायचा. अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आधीपासूनचा माणूस. बाप शेतकरी, थंडीत जोडे शिवायचा. मुलाने धर्मगुरू व्हावं अशी घरच्यांची इच्छा आणि हा झाला वकील. त्याच्या शहरात इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि सगळं शहर खवळलेलं असताना त्या शिपायांचं वकीलपत्र यानेच घेतलं. बहुतेक शिपाई सुटले. याची बरीचशी अशिलं तुटली. पुढे तो राजकारणात वर वर चढत गेला आणि देशाचा अध्यक्षही झाला. जगाला त्याचं नाव ठाऊक आहे, पण आमच्याकडे तो नुसता 'तो वकील'. आई लग्नाआधी इचलकरंजीच्या कोर्टात ज्युनियर होती. तिचे सीनियर देसाई वकील नव्या पोरांना ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी विचारायचे, 'तू घेतलं असतंस का वकीलपत्र?' आई म्हणाली होती, 'नसतं घेतलं.' देसाई म्हणाले होते, 'निदान खोटं तरी बोलत नाहीस.' हा संवाद आई आम्हाला इतक्यांदा सांगायची की माझा धाकटा भाऊ निषाद तो मधूनच जर्मनमध्ये पुरा करायचा.

बाबा जर्मनीत एर्लांगेनमधल्या मोठ्या कंपनीत होते, शरीराच्या आतले फोटो काढणाऱ्या यंत्रांवर काम करायचे. त्यांच्याबरोबर आई आली तेव्हा तिच्या वकिलीच्या सनदेला इथे काही किंमत नव्हती. तिने त्यावर फार दिवस रडारड केली नाही, असं बाबा सांगतात. आईला विचारलं तर ती विषय बदलायची. ती भाषा शिकली, मग परदेशी लोकांना सल्ला देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कामाला लागली. घरभाड्याचा करार, नोकरीवरून काढल्याची नोटीस, शाळाप्रवेश, असल्या भानगडी घेऊन सीरियाचे, तुर्कस्तानचे, केरळचे लोक तिच्याकडे यायचे. काही घरीही यायचे. आमचं स्वयंपाकघर लांबट होतं. खिडकीखालचा हीटर रोज संध्याकाळी गरम होताना टकटक वाजायचा, आणि त्याला टेकून बसलेला माणूस आपली कहाणी सांगत असताना आई कणीक मळायची. तिचे हात थांबले की समजायचं, सांगणारा काहीतरी दडवतोय.

त्या हिवाळ्यात आजी, म्हणजे बाबांची आई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. क्वार्क, म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ चीज, फडक्यात टांगून तिने श्रीखंड केलं आणि 'चक्क्यापेक्षा बरं लागतं, पण हे पुण्यात कुणाला सांगू नका' असं बजावलं. राई नावाच्या इथल्या धान्याच्या पिठाची थालीपिठं तिने दोनदा बिघडवली आणि तिसऱ्यांदा अशी केली की ती चव मी नंतर कुठेही शोधत राहिले. रविवारी इथे आवाज करायचा नसतो, म्हणून मिक्सर लावायचा नाही, हे मात्र तिला अखेरपर्यंत पटलं नाही. 'रविवारीच तर माणसं घरी असतात,' ती म्हणायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली की आजी मिक्सर बंद करायची आणि खलबत्ता काढायची. त्याचा आवाज जास्त व्हायचा.

त्याच हिवाळ्यात आई निवडणुकीला उभी होती. जर्मन नागरिकत्व घेऊन तिला फार काळ झाला नव्हता. एका छोट्या स्थानिक आघाडीने तिला नगरपरिषदेसाठी आपल्या यादीत घेतलं. आमच्या बव्हेरिया राज्यातली मतपत्रिका हा एक प्रकारच आहे. उघडली की जेवणाचं टेबल झाकलं जातं. शेकडो नावं असतात, आणि हवं तर एकाच उमेदवाराला तीन मतं देता येतात. म्हणजे यादीत खाली असलेलं माणूसही लोकांनी मनावर घेतलं तर वर येऊ शकतं. हे गणित मराठी मंडळाच्या सुधीरकाकांनी सर्वात आधी ओळखलं. सुधीरकाका बाबांच्याच कंपनीतले, मंडळाचे अध्यक्ष, उत्साही माणूस. गणपतीत ढोल त्यांचाच आणि कुणाचं सामान हलवायचं असलं तर व्हॅनही त्यांचीच. 'वैजूताई, आपली माणसं आणि त्यांचे ऑफिसातले लोक, सगळ्यांनी तीन-तीन दिली ना, तर तुम्ही राटहाउसमध्ये बसलात म्हणून समजा!' राटहाउस म्हणजे नगरपरिषदेची इमारत. आमच्या दिवाणखान्यात आईचा फोटो असलेल्या पत्रकांचे गठ्ठे आले. आजीला ते भारी आवडायचे. ती शेजाऱ्यांच्या पत्रपेट्यांत स्वतः टाकून यायची आणि वर म्हणायची, 'सून नगरसेविका होणार आहे,' मराठीतच.

आणखी एका माणसाबद्दल सांगायला हवं. केतन. नाशिकचा, विद्यापीठात पीएच.डी. करणारा. दर शनिवारी तो मला गणित शिकवायला यायचा. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. केतनदादा उत्तर कधी सांगायचा नाही. आपण चुकीच्या वाटेने निघालो की तो शांतपणे चहा पीत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, 'आता इथून परत कसं यायचं ते बघ.' मी आज ड्युसेलडॉर्फमध्ये शाळेत गणित शिकवते. माझी मुलं, म्हणजे वर्गातली, माझ्या गप्प बसण्याला वैतागतात.

मतदान दोन-तीन आठवड्यांवर आलं होतं. मी शाळेतून बसने घरी येत होते. बर्फ वितळून रस्त्यावर काळा चिखल झाला होता, आणि बसच्या आत ओल्या कोटांचा वास भरला होता. मी पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या खांबाला धरून उभी होते. चौक आला. बसला हिरवा दिवा होता. डावीकडे सायकलींच्या दिव्यापाशी मला एक ओळखीचं पिवळं जॅकेट दिसलं, आणि त्या सायकलींचा दिवा लाल होता. मी हात वर करणार होते, केतनदादाला दिसावा म्हणून. तेवढ्यात तो निघाला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, सगळी बस पुढे कोसळली, आणि समोर काहीतरी लागल्याचा आवाज आला. फार मोठा नव्हता. दार आपटल्यासारखा.

केतनदादाच्या मांडीचं हाड मोडलं होतं. डोकं वाचलं, हेल्मेट होतं. मी खाली उतरून त्याच्याजवळ चिखलात बसले. तो शुद्धीवर होता पण मला ओळखत नव्हता. ड्रायव्हर, पन्नाशीचा जाडसर माणूस, त्याच्यावर ओरडत होता. ओरडणं भयंकर होतं, हे खरंच आहे. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी ते फोनमध्ये टिपलं. पण तो ओरडत होता ते एकच वाक्य होतं, तिथल्या बोलीत, पुन्हा पुन्हा, 'का आलास तू? पोरा, का आलास तू?' पोलिसांनी माझं नाव आणि फोन लिहून घेतला, एवढंच.

संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर ते चित्रण फिरत होतं. त्यात शब्द नीट कळत नव्हते. लाल झालेला चेहरा दिसत होता आणि खाली पडलेला आपला मुलगा. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं बिनबुडाचं नव्हतं. महिनाभरापूर्वीच एका ड्रायव्हरने बाळाची गाडी घेऊन उभ्या असलेल्या मराठी जोडप्याला स्टॉपवर तसंच सोडून बस काढली होती. त्याची तक्रार आईनेच लिहून दिली होती आणि तिला एका ओळीचं गुळमुळीत उत्तर आलं होतं. त्यामुळे हा ड्रायव्हरही त्यातलाच, असं सगळेच धरून चालले. सुधीरकाकांचा आईला फोन आला. शनिवारी राटहाउससमोर मेणबत्त्या घेऊन उभं राहायचं, वर्तमानपत्राला बोलवायचं, आईने बोलायचं. आई म्हणाली, 'बोलते.' मी तेव्हा आंघोळ करत होते. बराच वेळ करत होते. चिखल निघाला तरी बाहेर यावंसं वाटेना.

जेवायला बसलो तेव्हा आई पाठीमागे तव्याशी उभी होती आणि शनिवारी काय बोलायचं ते बाबांना मोठ्याने सांगत होती. मी म्हणाले, 'आई, दादाला लाल होता.'

'काय?'

'सायकलवाल्यांचा दिवा लाल होता. बसला हिरवा होता. मी बघितलं.'

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं. आजीने उठून गॅस बंद केला. आई माझ्यासमोर बसली आणि मग जे झालं ते मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. तिने माझी उलटतपासणी घेतली. आई म्हणून नाही.

'तू कुठे उभी होतीस?'

'ड्रायव्हरच्या मागे.'

'काचेवर वाफ होती?'

'बाजूच्या होती. पुढच्या नव्हती.'

'हातात फोन होता?'

'दप्तरात होता.'

'दिवा बघायचं तुला कारण काय? बसमध्ये बसलेलं माणूस सायकलींचा दिवा कशाला बघेल?'

'मी दिवा नव्हते बघत. दादाला बघत होते. दिवा त्याच्या डोक्यावरच होता.'

'तो निघाला तेव्हा बदलला असेल.'

'नाही बदलला.'

'तू घाबरलेली होतीस. नंतर आठवताना उलटसुलट झालं असेल.'

'घाबरले ते नंतर, आई. तेव्हा मी खूश होते. मी हात करणार होते त्याला.'

इथे मला रडू आलं. आईने मला जवळ घेतलं नाही. ती म्हणाली, 'अजून एकदा. पहिल्यापासून सांग.' मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मी रडत नव्हते. तेव्हा ती उठली, करपलेलं थालीपीठ कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाली, 'ठीक आहे. पोलिसांचा फोन येईल, तेव्हा हेच सांगायचं. यातला एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. ड्रायव्हर काय ओरडत होता तेही सांगायचं.'

बाबा सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढला. 'वैजू, थोडे दिवस थांबू दे ना. पोलीस लगेच बोलावणार आहेत का? मतदान होऊन जाऊ दे.'

'तोवर तो ड्रायव्हर घरी बसेल. चौकशी होईपर्यंत त्याला गाडीवर घेत नाहीत.'

'आणि केतन हॉस्पिटलमध्ये पडलाय! आपल्या घरी जेवणारा मुलगा. त्याच्या विरुद्ध आपली पोरगी उभी करायची?'

'विरुद्ध नाही. दिव्याबद्दल विचारतील, दिव्याबद्दल सांगेल.'

'तुझा तो वकील पुढे अध्यक्ष तरी झाला. तुझं काय होणार आहे?'

'तो झाला म्हणून त्याची गोष्ट राहिली,' आई म्हणाली. 'असं वागून काहीच न झालेलेही असतील की. त्यांची कोण सांगतंय?'

बाबांनी आजीकडे पाहिलं. तिने त्यांची बाजू घ्यावी असं त्यांना वाटत असावं. आईने विचारलं, 'अहो आई, तुम्हाला काय वाटतं?' आजी म्हणाली, 'मला दिव्यातलं काय कळतंय. पण पोर दोनदा सारखंच बोलली.' आणि ती नवीन थालीपीठ थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी सुधीरकाका घरी आले. आईनेच त्यांना फोनवर सगळं सांगून बोलावलं होतं. ते सोफ्याच्या कडेवर बसले, चहाला हात लावला नाही. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आजही लिहावंसं वाटतं. अपघाताच्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर तेच झोपले होते. ते माझ्याशी फार मायेने बोलले. 'हे बघ बेटा, काल हवा खराब होती. तू लहान आहेस. एवढंच म्हण की नीट दिसलं नाही. हे खोटं नाही, कुणालाही असं होऊ शकतं. केतनचा रेसिडन्स परमिट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय. उगाच त्याच्या नावावर काही लागलं तर? अँड दॅट ड्रायव्हर, त्याला काय, युनियन आहे.'

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मुद्दाम पाहिलं नाही हे मला कळलं, आणि तेवढ्यापुरतं मला एकटं वाटलं. मी म्हणाले, 'काका, मला नीट दिसलं.'

ते उठले. दारात बूट घालताना आईला म्हणाले, 'ताई, तुम्ही आमच्या उमेदवार आहात असं समजत होतो.' आई म्हणाली, 'सुधीर, त्या बाळाच्या गाडीची तक्रार मी पुन्हा लिहिणार आहे, वरच्या माणसाला. ती खरी होती. पण उद्या ती वाचणाऱ्याने म्हणायला नको की ह्यांची माणसं काहीही सांगतात.' दिवाणखान्यातले पत्रकांचे गठ्ठे काकांच्या व्हॅनमधून वाटायला जायचे होते. ते तिथेच राहिले.

पोलिसांनी बोलावलं तेव्हा आई आली नाही. ती उमेदवार होती, तिने मला शिकवून पाठवलं असं कुणी म्हणायला नको. बाबा आले. चौकीपर्यंत आम्ही सायकलीने गेलो. आत एका तरुण बाईने माझं म्हणणं लिहून घेतलं. तिला काही नाट्यमय वाटलं नाही, ती मध्येच पेन बदलायला उठली. बाहेर आल्यावर बाबांनी मला बेकरीतून गरम ब्रेत्सेल, ती खारट पावाची गाठ, घेऊन दिली आणि म्हणाले, 'आपली आई अवघड आहे.' मग थोड्या वेळाने, 'तूही.' ते रागावलेले नव्हते.

शनिवारी मेणबत्त्या लागल्या नाहीत. त्याऐवजी मंडळाची बैठक झाली आणि आई तिथे स्वतः उभी राहून बोलली, माझी साक्ष काय आहे ते तिने सांगितलं. तिथे काय झालं ते मला नक्की ठाऊक नाही, ती लवकर परत आली. त्यानंतर ग्रुपवर तिच्याशी कुणी बोलेना. पत्रकं आम्ही घरच्यांनीच वाटली. निषाद एका रस्त्याच्या बदल्यात एक आईस्क्रीम मागायचा. आजी जायच्या आदल्या दिवसापर्यंत पत्रपेट्या शोधत हिंडत होती.

आई हरली. मोजणी दोन दिवस चालली, आणि ती यादीत बरीच वर आली तरी थोडक्यात राहिली. मंडळाची मतं मिळाली असती तर आली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. बाबा मात्र कितीतरी दिवस कागदावर बेरजा करत होते. 'तो वकील' जेव्हा पुन्हा निवडून येण्याची निवडणूक हरला, तेव्हा नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला न थांबता पहाटेच गाव सोडून गेला, असं मी पुढे वाचलं. आई राटहाउसच्या दालनात शेवटपर्यंत थांबली, निवडून आलेल्यांशी हात मिळवले, आणि घरी येऊन कपड्यांच्या घड्या घातल्या. पुढच्या खेपेला ती निवडून आली. तेव्हा मंडळाने तिला शाल-नारळ दिला, सुधीरकाकांनीच भाषण केलं, आणि चांगलं केलं. पण तोवर मी घर सोडलेलं होतं. ड्रायव्हर पुन्हा कामावर रुजू झाल्याचं आईला ऑफिसात कुणाकडून तरी कळलं. तो कधी भेटायला आला नाही. यायला हवं होतं असं मला वाटायचं. आई म्हणायची, 'कशाला? आपण त्याच्यावर उपकार केलेत का?'

केतनदादाने पोलिसांना 'काही आठवत नाही' असं सांगितलं होतं. मला तो भेटायला नको म्हणाला. हॉस्पिटलच्या मजल्यावरून मी दोनदा परत आले. दुसऱ्यांदा मी श्रीखंडाचा डबा नर्सजवळ ठेवला, आणि तो रिकामा परत आला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती. गणितात मला त्या वेळी बरे गुण मिळाले. ते त्याला सांगावेत असं पहिल्यांदा मनात आलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसले.

मे महिना असावा, कारण बाल्कनीचं दार उघडं होतं आणि बाजारात पांढरी श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परॅगस, आली होती. बाबा बटाट्याऐवजी तिचीच भाजी करून बघत होते, मोहरी घालून. बेल वाजली. दारात कुबड्या घेऊन केतनदादा उभा होता, फार वाळलेला. जिना चढून त्याला दम लागला होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि आईला म्हणाला, 'काकू, दोन मिनिटं बोलायचं होतं.'

'आत ये.'

तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला. 'मला आठवत होतं,' तो म्हणाला. 'म्हणजे, पहिले काही दिवस खरंच नव्हतं. मग आठवलं. लाल दिसला होता मला. सेमिनारला उशीर झाला होता, वाटलं बस अजून लांब आहे.' तो थांबला. 'सगळे माझ्यासाठी एवढं करत होते. सुधीरकाका रोज यायचे. त्यांना कसं सांगणार? आणि एकदा नाही आठवत म्हटल्यावर…'

'पोलिसांना सांगितलंस?' आईने विचारलं.

'आत्ता तिथूनच येतोय. मग सुधीरकाकांकडे गेलो. मग इकडे.' त्याने खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न केला, कुबडी घसरली, मी पकडली. 'पोलीस म्हणाले, कागद येईल घरी. तिकडे परमिटचंही अडकलंय. मला त्यातलं काही कळत नाही, काकू. आणि तुमच्याकडे यायला मला तोंडही नाही. तुमची निवडणूक माझ्यामुळे गेली.'

आईने हात पुसले. ती काय बोलेल ते मला सांगता येत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तो मी अगदी स्पष्ट पाहिला, आणि तो लगेच गेलाही नाही. मग तिने विचारलं, 'तुला वकील आहे का?'

'नाही.'

'मला इथे केस चालवता येत नाही. पण एक चांगली बाई आहे माझ्या ओळखीची, तिच्याकडे मी घेऊन जाईन तुला. परमिटच्या ऑफिसात सोमवारी मीच येते. तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं की सगळं सांगायचं. बरं, आता पहिल्यापासून सांग. घरून निघालास कितीला?'

तो सांगायला लागला, उभ्यानेच. बाबांनी गॅस बारीक केला, टेबलाजवळची एक खुर्ची त्याच्यासाठी ओढली, तो बसल्यावर त्याच्या पायाकडे पाहिलं, आणि पाय सरळ ठेवता यावा म्हणून आपली खुर्चीही त्याच्यापुढे सरकवून ते स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.